आमचा शांत बोका अचानक अंगावर का येतो?

प्रश्न: आमच्या घरी मन्या नावाचा सहा वर्षांचा बोका आहे. दीड महिन्याचा असल्यापासून तो आमच्याकडे आहे, त्याची नसबंदी झालेली आहे आणि तो घराबाहेर जात नाही. आम्ही डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि नववीत शिकणारी मुलगी. मन्या इतका शांत, की आलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसायचा. गेल्या तीन आठवड्यांत तो पार बदलला आहे. सासूबाईंच्या गोधडीवर दोनदा आणि आमच्या गादीवर एकदा त्याने थोडी थोडी लघवी केली. हॉलच्या पडद्यावर जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर पिवळे ओघळ दिसतात. दिवसभर दिवाणाखाली बसतो, रात्री ओरडत घरभर फिरतो, आणि चाटून चाटून त्याच्या पोटावरचे केस विरळ झाले आहेत. गेल्या गुरुवारी संध्याकाळी तो हॉलच्या खिडकीत बसला होता. मी शेजारून जात असताना त्याने काही कारण नसताना माझ्या पोटरीचा कडकडून चावा घेतला. रक्त आले, मी हळद लावली. वास जावा म्हणून मी आता त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये भरायचे दाणे, म्हणजे लिटर, सुगंधी आणते आणि रोज फिनेलने फरशी पुसते. सासूबाई म्हणतात, त्याने डूख धरला आहे. यजमान म्हणतात, त्याला मासळी बाजारापाशी सोडून येऊ, तिथे त्याचे पोट भरेल. घरात वेगळे काहीच घडलेले नाही. महिन्याभरापूर्वी सोसायटीच्या रंगकामासाठी इमारतीला परांची बांधली, तेवढेच. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: पत्र मिळाले त्याच दिवशी दोन गोष्टी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवल्या आहेत. इतर वाचकांच्याही त्या उपयोगाच्या आहेत, म्हणून आधी त्याच लिहिते.

पहिली गोष्ट तुमच्या पोटरीची. पत्रात त्या चाव्याला तुम्ही दोन वाक्ये दिली आहेत आणि उपचार म्हणून हळद लावली आहे. मांजराचा सुळा बारीक आणि अणकुचीदार असतो, त्यामुळे जखम वरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, लवकर मिटते आणि मांजराच्या तोंडातले जिवाणू आत खोलवर कोंडले जातात. दुसऱ्या दिवशी तो भाग लाल होऊन ठणकू लागतो तो यामुळेच. मांजर चावले की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविके आणि रेबीजची लस यांबाबतचा निर्णय त्यांनी घ्यायचा असतो. मन्या घराबाहेर जात नाही हे त्यांना सांगा, त्याच्या लसीकरणाची वही सोबत न्या. पण खिडकीच्या ग्रिलमधून एखाद्या बाहेरच्या मांजराशी त्याची झटापट झालेली असू शकते हेही सांगा, कारण पुढे मी ज्या अंदाजाला येणार आहे त्यात ही शक्यता मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाही. चावलेले मांजर चाव्यानंतर १० दिवस ठणठणीत राहिले, तर त्या चाव्यातून रेबीज होण्याची भीती उरत नाही. मात्र ते १० दिवस वाट पाहून मग लस घ्यायची, असे कधीही करायचे नसते. लस लगेच सुरू करायची असते.

दुसरी गोष्ट मन्याच्या लघवीची, आणि इथे वेळ तासांत मोजावी लागते. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी फार अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली, की त्यातला चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून हा मार्ग बुचासारखा बंद करू शकतात. असा बोका ट्रेमध्ये पुनःपुन्हा जातो, बराच वेळ बसून कुंथतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि लिटर मात्र कोरडेच राहते. घरच्यांना वाटते बद्धकोष्ठ झाले, आणि एरंडेल पाजण्यात एक रात्र निघून जाते. त्या रात्रीत साठलेली लघवी मूत्रपिंडांवर दाब आणते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दोन-तीन दिवसांत असा बोका दगावतो. म्हणून ट्रेमध्ये लघवीने भिजून रोज लिटरचे किती गोळे होतात आणि ते केवढे असतात, हे पाहायला आजपासून सुरुवात करा. गोळे लहान आणि पुष्कळ असतील तर लगेच डॉक्टरांची वेळ घ्या. गोळे मुळीच नसतील तर वेळ घेत बसू नका, मध्यरात्र असली तरी मन्याला पिंजऱ्यात घालून जे पशुरुग्णालय उघडे असेल तिथे न्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी हातात पेन्सिल घेऊन तारखा मांडल्या. परांची बांधली महिन्याभरापूर्वी, आणि मन्या बिघडला तीन आठवड्यांपूर्वी. तुम्ही परांचीचा उल्लेख शेवटी, 'तेवढेच' असा शब्द जोडून केला आहे. माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

परांची म्हणजे आपल्याला बांबू, सुतळी आणि हिरवी जाळी. मांजराच्या दृष्टीने ती जमिनीपासून गच्चीपर्यंत उभी राहिलेली शिडी असते. जो भटका बोका आजवर पार्किंगमध्ये गाड्यांखाली हिंडत होता, तो आता बांबूवरून चढून सहज दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर येऊन बसू शकतो. मन्या ज्या खिडकीतून सहा वर्षे कबुतरे पाहत आला, तिच्याच काचेपलीकडे हातभर अंतरावर एक परका चेहरा येऊन बसतो, ग्रिलवर गाल घासतो, लघवीचा फवारा मारून जातो. मन्याला त्याच्यावर धावून जाता येत नाही आणि खिडकी सोडून दिली तर घर हातचे जाते, असे त्याला वाटते. याच्या जोडीला सकाळपासून प्लास्टर तोडण्याची छिन्नी. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही पुढचा. त्यामुळे छिन्नीच्या घावातले जे कर्कश सूर आपल्या कानांपर्यंत पोचतच नाहीत, ते त्याला ऐकावे लागतात, तेही स्वतःच्या झोपेच्या वेळी.

पडद्यावरच्या ओघळांची जी उंची तुम्ही दिली आहे ती फार बोलकी आहे, आणि ती मोजून लिहिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानते. मांजर लघवीसाठी बसते तेव्हा डाग आडव्या जागेवर पडतो. हद्द आखायची असते तेव्हा ते उभे राहते, शेपटी ताठ उभारते, तिचे टोक थरथरवते आणि मागे उभ्या पृष्ठभागावर फवारा मारते. वीत-दीड वीत उंचीवरचे ओघळ हे त्या फवाऱ्याचे आहेत. नसबंदी झाली की बोका हे करत नाही असा सार्वत्रिक समज आहे, पण नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी साधारण दहांतला एक तरी पुढे केव्हा ना केव्हा फवारे मारतो, आणि काचेपलीकडचा परका बोका हे त्याचे नेहमीचे कारण असते. गोधडीवरचे आणि गादीवरचे डाग मात्र वेगळे आहेत. थोडी थोडी लघवी, मऊ जागा आणि पोटावरचे केस चाटून विरळ होणे, हे तिन्ही एकत्र आले की मला मूत्राशयाच्या दाहाची शंका येते. पोटाच्या खालच्या भागात दुखत असले की मांजर वरून तेच चाटत बसते. ट्रेमध्ये बसल्यावर आग होते, म्हणून ते ट्रेला घाबरते आणि मऊ जागा शोधते. गोधडी कोणाची आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणजे मन्याच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत, आणि माझ्या अनुभवात त्या बहुधा एकाच मुळापासून फुटलेल्या असतात.

मूत्राशयाच्या या दाहात लघवी तपासली तर जंतू सापडत नाहीत, सोनोग्राफीत खडा दिसत नाही, तरीही मूत्राशय सुजलेले असते. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांच्या मूत्रविकारांपैकी निम्म्याहून अधिक या प्रकारचे असतात. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन यांनी या एका विकारावर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३२ मांजरे होती, काही या आजाराची आणि काही निरोगी. जेवणाची वेळ चुकली, सांभाळणारे माणूस बदलले, दिनक्रम मोडला, की आजारी मांजरांप्रमाणे निरोगी मांजरेही उलट्या करू लागली, कमी खाऊ लागली, ट्रेबाहेर घाण करू लागली. घरची रीत मोडली की मांजराचे शरीरच बिघडते, ही गोष्ट त्या कामातून ठामपणे पुढे आली, आणि तुमच्या सासूबाईंना माझ्या वतीने एवढेच सांगावे अशी माझी विनंती आहे. डूख धरण्यासाठी मागची गोष्ट मनात ठेवून पुढचा बेत रचावा लागतो. पोटात आग होत असलेला आणि खिडकीत शत्रू पाहिलेला बोका तसे काही करत नसतो, तो त्या क्षणी जिथे बरे वाटेल तिथे जातो.

गुरुवारच्या चाव्याचेही असेच आहे. संध्याकाळची वेळ, मन्या खिडकीत, आणि तुम्ही शेजारून चालला होता. लढण्याचा जोर अंगात चढलेला असताना समोरच्या शत्रूपर्यंत पोचता आले नाही, तर तो जोर जवळ जे हलते त्याच्यावर निघतो. त्या क्षणी तुमची पोटरी हलली. हे इतके पटकन होते, की 'काही कारण नसताना' असेच आपल्याला वाटते. असा जोर ओसरायला कधी काही तास लागतात, कधी एक-दोन दिवसही लागतात. पुन्हा तशी वेळ आली, म्हणजे शेपूट फुललेली दिसली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, कान आडवे पडले, तर त्याला उचलू नका, समजूत घालायला हात पुढे करू नका, ओरडू नका. त्याच्या आणि तुमच्यामध्ये मोठी उशी किंवा पुठ्ठा धरा, त्याला एका खोलीत जाऊ द्या, दिवा मालवा, पाणी आणि ट्रे आत ठेवून दार लावून घ्या. तो आपण होऊन बाहेर येऊन खाऊ लागला, की मग बोला.

हे सगळे मी इतक्या खात्रीने लिहिते आहे, कारण हाच धडा मला एका चुकीतून मिळाला. पशुवैद्यकीय व्यवसाय सुरू करून मला फार वर्षे झाली नव्हती. मुलुंडच्या एका कुटुंबाचा बोका घरभर लघवी करत होता, आणि मी त्याला तीन वेळा प्रतिजैविके दिली. तरुण मांजरांत जिवाणूंचा संसर्ग त्यामानाने क्वचितच असतो हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी घरच्यांना काहीतरी औषध हवे असते म्हणून मी ते देत राहिले. चौथ्या वेळी मी त्यांच्या घरी गेले आणि ट्रेशेजारी फरशीवर मांडी घालून बसले. उभे राहिल्यावर त्या खोलीत काहीच वावगे दिसत नव्हते. बसल्यावर स्वयंपाकघराच्या जाळीदार दाराची खालची फट नेमकी डोळ्यांसमोर आली. दहा मिनिटांनी त्या फटीतून दोन पांढरे पंजे दिसले, मग एक नाक आले, आणि माझ्या शेजारचा बोका पोट जमिनीला टेकवून घशातून असा आवाज काढू लागला जो मी माझ्या टेबलावर कधी ऐकला नव्हता. शेजाऱ्यांची मांजर रोज त्या फटीपाशी येत होती. दाराला खालून फळी ठोकली आणि ट्रे दुसऱ्या खोलीत नेला. पुढच्या दोन आठवड्यांत तो बोका सुधारला. त्याआधीचे चार महिने त्याने उगाच गोळ्या गिळल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

तुम्हीही हेच करून पाहा. सायंकाळी पाच ते आठ या वेळात तुमच्या मुलीला तिचा फोन खिडकीच्या कोपऱ्यात बाहेरच्या बाजूला रोखून चित्रीकरण लावून ठेवायला सांगा, आणि तुम्ही स्वतः एकदा मन्या बसतो त्या जागी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर डोके आणून बसा. मुलीला आणखी एक काम देता येईल. २०१९ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. कान बाहेरच्या बाजूला वळून चपटे होतात, डोळे आवळल्यासारखे बारीक होतात, थोबाड ताणले जाते, मिशा ताठ आणि सरळ होतात, आणि डोके खांद्यांच्या रेषेखाली झुकते. मन्या विसावलेला असताना, त्याला न उठवता, लांबून काढलेले त्याच्या चेहऱ्याचे दोन-तीन फोटो तुमच्या डॉक्टरांना तपासणीपूर्वी पाठवले तर त्यांना मोठी मदत होईल, कारण दवाखान्याच्या टेबलावर भेदरलेले मांजर बहुतेक वेळा दुखणे लपवते.

तपासणी मात्र टाळू नका. मी पत्रावरून शंका व्यक्त करू शकते, पोट चाचपून पाहू शकत नाही. लघवीची तपासणी आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्या; खड्यांची शंका वाटली तर डॉक्टर एक्स-रे सांगतील. वेदनाशामक त्यांनीच द्यावे. घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, कारण ती निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. पिंजरा आदल्या दिवशी माळ्यावरून काढू नका. आजच काढा, आत त्याची जुनी चादर घाला आणि दार उघडे ठेवून हॉलमध्ये राहू द्या.

आता घरात काय बदलायचे ते. आधी खिडकी. खालच्या निम्म्या काचेला आतून दुधी फिल्म किंवा साधा ब्राऊन पेपर लावा, जेणेकरून उजेड येईल पण छज्जा दिसणार नाही. ग्रिलची बाहेरची बाजू आणि छज्जा परांचीवर काम करणाऱ्यांकडून साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, कारण परक्या बोक्याचा वास राहिला तर कागद लावूनही उपयोग नाही. त्या बोक्याला खालचे कोण खायला घालते तेही पाहा. तुमच्या विंगखाली माशांची डोकी टाकली जात असतील, तर ती जागा मागच्या फाटकापाशी हलवण्याची विनंती करा, आणि परिसरातल्या प्राणिमित्रांच्या मदतीने त्याची नसबंदी करून घ्या. त्याला हाकलून लावायचे किंवा त्रास द्यायचा विचार कोणीही करू नये. तोही स्वतःसाठी जागाच शोधतो आहे.

तुम्ही वासावर केलेले दोन्ही उपाय तुमच्या दृष्टीने सहज सुचण्याजोगे होते, पण मन्यासाठी ते उलटे पडले आहेत. सुगंधी लिटर आपल्या नाकासाठी बनवलेले असते. आधीच आग होते म्हणून ट्रेला बिचकणाऱ्या बोक्याला त्यात अनोळखी वास आला, की तो ट्रे पूर्ण सोडतो. जुने, बिनवासाचे, बारीक दाण्याचे लिटर आजच परत आणा. फिनेलबद्दल मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. फिनॉल जातीची रसायने मांजराला विषारी असतात. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि ते पोटात जाते. डाग पडलेली जागा एन्झाइमयुक्त कपडे धुण्याच्या पावडरीच्या द्रावणाने पुसा, साध्या पाण्याने धुवा आणि कोरडी करा. गोधडी त्याच पाण्यात रात्रभर भिजवून, धुऊन कडक उन्हात वाळवा आणि मन्या बरा होईपर्यंत कपाटात ठेवा. सासूबाईंना ही तसदी घ्यावी लागेल याची मला जाणीव आहे. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांची ऊब असते, आणि तिच्यावर असे डाग पडलेले पाहून कोणालाही दुःखच होईल.

ट्रे एक असेल तर दोन करा. घरात जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे जास्त, असा साधारण हिशेब असतो. दोन्ही ट्रे शेजारी शेजारी ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे ठरतो, म्हणून दुसरा वेगळ्या खोलीत, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर ठेवा. ट्रेची लांबी मन्याच्या लांबीच्या दीडपट तरी असावी. बाजारातले बहुतेक ट्रे त्याहून लहान असतात, त्यामुळे भांड्यांच्या दुकानातले मोठे प्लास्टिकचे टोपले किंवा घमेले पुष्कळदा जास्त उपयोगी पडते. आणि ट्रेबाहेर लघवी झाली म्हणून त्याचे नाक त्यात घासू नका, पाणी मारू नका. मागे घडलेल्या गोष्टीशी तो त्या शिक्षेचा संबंध जोडू शकत नाही. त्याला फक्त इतकेच कळते, की ट्रेजवळ ही माणसे अंगावर येतात.

दिवाणाखाली बसतो म्हणून त्याला ओढून बाहेर काढू नका. लपणे हा या दिवसांतला त्याचा औषधोपचार आहे, असे समजा. त्याला दिवाणाखेरीज एक उंच जागाही द्या, कपाटाच्या माथ्यावर एक खोके आडवे ठेवून त्यात जुना टॉवेल घाला आणि चढायला मध्ये एक स्टूल ठेवा. छिन्नी चालते त्या वेळात त्याला मागच्या खोलीत, दार लावून, पंखा सुरू करून ठेवता आले तर बरे. जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवा. कोरड्या खाण्याबरोबर ओले खाणे वाढवा, पाण्याची दोन-तीन पसरट भांडी निरनिराळ्या जागी, खाण्यापासून आणि ट्रेपासून दूर ठेवा. लघवी जितकी पातळ होईल तितकी मूत्राशयाची आग कमी होते. रात्रीच्या ओरडण्यासाठी झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दोरीला बांधलेल्या पिसामागे त्याला पळवा, शेवटी ते पिसे त्याला पकडू द्या आणि लगेच खायला घाला. शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप, हा त्याचा निसर्गक्रम आहे, आणि तो पूर्ण झाला की तो तुम्हालाही झोपू देतो.

मुलीला त्याच्याशी पुन्हा जवळीक साधायची असेल, तर तिने त्याच्यापासून चार हात दूर जमिनीवर बसावे, त्याच्याकडे रोखून पाहू नये, आणि डोळे सावकाश अर्धे मिटून सावकाश उघडावेत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिले; माणसाने असे डोळे मिटले की मांजरेही तसेच करतात आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडेही अधिक सहज येतात. मन्याने डोळे मिटले तर तेवढ्यावर समाधान मानावे. हात लावायचा तो त्याने स्वतः येऊन डोके घासल्यावरच.

या सगळ्याला वेळ द्यावा लागेल. मूत्राशयाचा दाह बहुतेकदा आठवडाभरात ओसरतो, पण कारण तसेच राहिले तर परत येतो. फवारे आणि चिडचिड यांना अधिक दिवस लागतात. महिना-दीड महिना सर्व नीट करूनही मन्यात फरक दिसला नाही तर डॉक्टर मन शांत करणारी औषधे सुचवतील, आणि ती घेण्यात कमीपणा मानू नये.

ज्यांचे मांजर दहा वर्षांच्या पुढचे आहे, त्या वाचकांनी मात्र खिडकी शोधण्याआधी रक्त तपासावे. भरपूर खाऊनही वजन घटणे आणि रात्री ओरडणे यामागे थायरॉइड असू शकतो. भिंतींना धडकणे, एकाएकी बिचकणे यामागे वाढलेला रक्तदाब आणि त्यातून गेलेली दृष्टी असू शकते. माझ्याकडे ठकी नावाची १३ वर्षांची भाटी आली होती, नातवाला ओरबाडते अशी तिच्याविषयी घरच्यांची तक्रार होती. मी तिला टेबलावरून खाली उतरू दिले. तिने पुढचे पाय टेबलाच्या कडेवर आणले, खाली पाहिले, मागे घेतले, पुन्हा आणले, आणि मग उडी न मारता माझ्या पोटावरून घसरत खाली आली. नातू तिला रोज मागच्या पायांखाली हात घालून उचलत होता, आणि तिचे सांधे दुखत होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील १०० मांजरांचे एक्स-रे पाहिले तेव्हा त्यांतल्या ९० जणांत सांध्यांची झीज आढळली होती. म्हातारे मांजर तिरसट झाले असे म्हणण्यापूर्वी ते उडी कशी मारते हे एकदा पाहावे.

राहिला प्रश्न मासळी बाजाराचा. तुमच्या यजमानांना त्रास झाला आहे, बायकोला चावलेले पाहून कोणालाही राग येईल, आणि 'तिथे त्याचे पोट भरेल' या शब्दांत मन्याविषयीची काळजीही मला दिसते. पण सहा वर्षे घरात वाढलेला बोका बाजारात पोट भरत नाही. तिथल्या बोक्यांच्या हद्दी आधीच ठरलेल्या असतात. तो पहिल्या रात्री एखाद्या गाडीखाली शिरतो आणि तिथून बाहेर येत नाही, त्यात मूत्रमार्ग बंद झाला तर ते कोणाला कळणारही नाही. पाळीव प्राण्याला उपासमारीला किंवा तहानेला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. यजमानांना माझी एवढीच विनंती आहे, की परांची निघेपर्यंतची मुदत त्यांनी मन्याला द्यावी आणि खिडकीला कागद लावण्याचे काम त्यांनी स्वतः करावे.

परांची उतरली तरी तो कागद त्याच दिवशी काढू नका. भटका बोका सवयीने खालून चढायचा प्रयत्न काही दिवस करत राहील. दोन आठवडे जाऊ द्या, मन्या खिडकीखाली पोट सैल सोडून, पाय अंगाबाहेर टाकून झोपलेला दिसू लागला, की वरच्या बाजूने चार बोटे कागद कापा, म्हणजे त्याला आधी आभाळ आणि कबुतरे दिसतील. त्याचे कान मागे गेले किंवा शेपटी आपटू लागली, तर तेवढ्यावर थांबा आणि पुढची चार बोटे आणखी आठवडाभराने कापा.